इंग्रजीत अडतंय, पण नेमकं कुठे? आठवी-नववीच्या मुलांचं वाचन आणि लेखन कसं तपासायचं

आठवीच्या वार्षिक परीक्षेत इंग्रजीला ६० पैकी २१ गुण मिळाले की मूल उत्तीर्ण होतं. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला ही परीक्षा पुन्हा आली आणि घरोघरी या २१ गुणांची काळजी सुरू झाली. पण तेच २१ गुण तीन अगदी वेगळ्या मुलांना मिळू शकतात. पहिल्याला छापील इंग्रजी ओळ धड वाचता येत नाही, त्याने गाइडमधली उत्तरं पाठ केली आहेत. दुसरी मुलगी उतारा खडाखडा वाचते, पण काय वाचलंस असं विचारलं की गप्प होते. तिसऱ्याला वाचलेलं सगळं कळतं, मात्र स्वतःची दोन वाक्यं लिहायला सांगितली की पेन थांबतं. तिघांची गरज निराळी आहे आणि तिघांनाही मिळतो तो व्याकरणाचा आणखी एक तास.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत हा फरक आकड्यांत दिसतो. २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांमध्ये, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना सोपी इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. ५७.३ टक्के मुलांना ती वाचता आली. वाचता आलेल्यांपैकी अर्थ सांगता आला तो सुमारे तीन चतुर्थांश मुलांना. म्हणजे शंभरातल्या ४२ मुलांनाच वाचता आणि समजता, दोन्ही आलं. ही वाक्यं किती वाजले असं विचारण्यासारखी, चार-पाच शब्दांची असतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन २००० सालापासून आता पाव शतक झालं. तरीही आठवीच्या वर्गात प्रत्येक मूल कुठे अडलं आहे हे नावानिशी सांगता येईल अशी नोंद फार थोड्या शाळांत सापडते. ती नोंद कशी करायची, हे इथे पाहू.

वाचन म्हणजे दोन कामांचा गुणाकार

मराठी वाचणाऱ्या माणसासमोर नेपाळी वर्तमानपत्र ठेवा. लिपी देवनागरीच आहे, त्यामुळे तो पान मोठ्याने वाचून दाखवेल. कळेल मात्र थोडंच. आता उलट चित्र घ्या. अक्षरओळख नसलेल्या आजीला नातवाने बातमी वाचून दाखवली की ती त्यावर अर्धा तास बोलू शकते. नेपाळी वाचणाऱ्याकडे अक्षरांवरून उच्चार काढण्याचं कौशल्य आहे, त्याला डिकोडिंग म्हणतात. आजीकडे भाषेची समज आहे. वाचनाला दोन्ही लागतात.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये हे फार सोप्या सूत्रात मांडलं: वाचन म्हणजे डिकोडिंग गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. बेरजेत एक बाजू लंगडी असली तरी दुसरी भरून काढते. गुणाकारात तसं होत नाही. डिकोडिंग दहापैकी नऊ आणि समज दहापैकी दोन असेल तर हाती ०.९ × ०.२, म्हणजे ०.१८ येतात. अशा मुलाकडून आणखी शंभर वेळा मोठ्याने वाचून घेतलं तरी त्याला समजायला लागणार नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना डिकोडिंगच जड जातं, याला कारण आहे. मराठीत ‘क’ दिसला की ‘क’ म्हणायचं. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होतं आणि ‘सिटी’मध्ये स. बी-यू-टी ‘बट’, पण पी-यू-टी ‘पुट’. २६ अक्षरांवर साधारण ४४ ध्वनींचा भार आहे. कोणतं अक्षर कुठे कोणता आवाज करतं हे पद्धतशीर शिकवलं गेलं नाही, तर मूल शब्दाचं चित्र लक्षात ठेवतं. पहिलं अक्षर आणि शब्दाची लांबी पाहून ते ‘हॉर्स’ला ‘हाउस’ म्हणतं. पाठ्यपुस्तकात इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलने देवनागरी उच्चार लिहिलेले दिसले तर समजावं की मूल त्या ओळीत मराठीच वाचतंय.

उत्तर बरोबर, समज शून्य

हे वाक्य वाचा: ‘काल दुपारी एका फिंगट टोमळ्याने वडाखाली तीन सुर्ब्या चिंभल्या.’

आता प्रश्न. टोमळ्याने किती सुर्ब्या चिंभल्या? तीन. कुठे? वडाखाली. टोमळा कसा होता? फिंगट. तीनपैकी तीन गुण! यातला एकही महत्त्वाचा शब्द अस्तित्वात नाही, आणि तरीही उत्तरं अचूक आली. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा मजकूर उतरवायचा, एवढंच काम झालं.

इंग्रजीच्या उताऱ्यावरचे बरेच प्रश्न असेच असतात. मूल काही चोरी करत नाही. आपण विचारलं तेवढंच ते करतं. म्हणून प्रश्न तयार झाला की तो स्वतः तपासून पाहावा: उतारा न समजता, नुसते शब्द जुळवून याचं उत्तर देता येतं का? येत असेल तर तो प्रश्न एखादाच ठेवावा. बाकीचे तीन प्रकारचे हवेत. ‘तिसऱ्या ओळीतला ‘ही’ (एच-ई) म्हणजे कोण?’ हा सर्वनामाचा प्रश्न दिसतो साधा, पण समज लगेच उघडी करतो. ‘दुकानदाराने पैसे परत का केले असतील?’ हा न लिहिलेलं ओळखण्याचा. आणि एखाद्या शब्दाचा त्या वाक्यातला अर्थ. नदीकाठच्या गोष्टीत ‘बँक’ शब्द आला आणि मुलाने पैशांची बँक सांगितली, तर त्याला शब्द माहीत आहे, वाक्य कळलेलं नाही.

पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर तर वाचनाची तपासणी होतच नाही. तो उतारा वर्गात झालेला असतो, त्याची प्रश्नोत्तरं वहीत असतात. तिथे मोजली जाते स्मरणशक्ती. पाठांतराला किंमत आहे, पण ते वाचन नव्हे, आणि निकालपत्रकावर दोघांचा आकडा सारखाच दिसतो.

एका मुलामागे दहा मिनिटं

यासाठी लागतं ते एवढंच: मोबाइलमधलं घड्याळ, तीन उतारे, एक शब्दयादी आणि शिक्षकाची प्रत. मुलाला वर्गाबाहेर शांत जागी बसवावं. याचे गुण धरले जाणार नाहीत हे त्याला आधी सांगावं, आणि ते खरोखर धरू नयेत.

सुरुवात शब्दयादीपासून. दहा नियमित शब्द, ज्यांचा उच्चार अक्षरांवरून निघतो (‘शिप’, ‘लॅम्प’, ‘बास्केट’). दहा अनियमित पण रोजचे (‘पीपल’, डब्ल्यू-ओ-यू-एल-डी ‘वुड’, टी-एच-ई-वाय ‘दे’). आणि दहा बनावट शब्द: बी-आय-एम ‘बिम’, पी-एल-ओ-एन-टी ‘प्लॉन्ट’ असे. बनावट शब्द पाहून अनेक शिक्षक बिचकतात, पण सगळ्यात जास्त माहिती तेच देतात. ते कुठेही पाठ केलेले नसतात, त्यामुळे ओळख नसलेला शब्द मूल फोडून वाचू शकतं का हे तिथेच दिसतं. पहिल्या दोन गटांत अठरा बरोबर आणि बनावट शब्दांत दोनच, असा निकाल आला तर मूल चित्र पाठ करून इथवर आलं आहे. पुस्तकातले शब्द जसे वाढतील तसं ते मागे पडेल. यादीतले सलग पाच शब्द आले नाहीत तर थांबावं, ताणू नये.

मग उतारा. साधारण १०० ते १२० शब्दांचा, न शिकवलेला, चित्र नसलेला. आठवीच्या मुलाला एकदम आठवीचा उतारा देऊ नये. पाचवी, सहावी-सातवी आणि आठवी अशा तीन पातळ्यांचे तयार ठेवावेत आणि मधल्यापासून सुरुवात करावी. मूल वाचत असताना आपल्या प्रतीवर चुकलेल्या आणि गाळलेल्या शब्दांवर रेघ मारत जायचं. चुकून लगेच स्वतः सुधारलं तर चूक धरायची नाही. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगायचा आणि चूक धरायची. एक मिनिट झालं की तिथे खूण करायची, पण उतारा पूर्ण वाचू द्यायचा.

समजा मिनिटात ८४ शब्द वाचले, त्यातले ९ चुकले. बरोबर शब्द ७५. अचूकता ७५ भागिले ८४, म्हणजे ८९ टक्के. अचूकता ९५ टक्क्यांच्या वर असेल तर तो मजकूर शिक्षकाच्या मदतीने शिकायला योग्य. ९० च्या खाली असेल तर तो अजून जड आहे. दहा शब्दांमागे एक शब्द निसटत असेल तर वाक्याचा अर्थ लागणं कठीण, म्हणून या मुलाला एक पातळी खालचा उतारा द्यायचा.

वेग कशाला मोजायचा, असं वाटेल. आपली तात्पुरती स्मरणशक्ती भोक पडलेल्या बादलीसारखी आहे. दोर झपाझप ओढला तर पाणी वर येतं, सावकाश ओढला तर काठावर येईपर्यंत बादली रिकामी. एकेक शब्द जुळवत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचतं तेव्हा सुरुवात विसरलेली असते. मात्र वेगाचा एकच आकडा सगळ्यांना लावू नये. ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य आहे, पण ते मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेचं. तिसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याची तुलना त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी करावी.

तीन दारं उघडून पाहायची

वाचून झाल्यावर पाच तोंडी प्रश्न विचारायचे. उत्तर मराठीत दिलं तरी चालेल.

तीन किंवा अधिक उत्तरं चुकली तर पुढची पायरी महत्त्वाची. तेवढ्याच कठीण दुसऱ्या उताऱ्याचं आपण सावकाश वाचन करायचं आणि मुलाने नुसतं ऐकायचं. मग पुन्हा पाच प्रश्न. ऐकून कळलं, वाचून कळत नव्हतं, तर अडचण डिकोडिंगमध्ये आहे. ऐकूनही कळलं नाही तर शब्दसंग्रह आणि वाक्यरचना कच्ची आहे. त्याला मोठ्याने वाचायला लावून उपयोग नाही, इंग्रजी कानावर पडायला हवं, अर्थासकट. आणि तशाच गोष्टीचा मराठी उतारा वाचायला दिला, तरी ‘का केलं असेल?’ या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर अडचण इंग्रजीची नाहीच. न लिहिलेलं ताडण्याची सवय कोणत्याच भाषेत लागलेली नाही. ही तिसरी शक्यता कोणी तपासत नाही, आणि अशी मुलं वर्षानुवर्षं ‘इंग्रजीत कच्ची’ म्हणून बसून राहतात याचं फार वाईट वाटतं.

‘मराठीत उत्तर दिलं तर इंग्रजी कसं तपासलं?’

हा आक्षेप हमखास येतो. डब्यासकट साखर तोलली तर साखर किती हे कळत नाही, डब्याचं वजन वजा करावं लागतं. इंग्रजी प्रश्नाचं इंग्रजीत लेखी उत्तर मागितलं की वाचन, प्रश्नाची समज, वाक्यरचना आणि स्पेलिंग एकाच तागडीत पडतात. उत्तर कोरं राहिलं तर कशामुळे राहिलं हे कळायला मार्ग उरत नाही. वाचन तपासताना उत्तराची भाषा मोकळी ठेवायची, लेखन वेगळं तपासायचं.

उच्चाराचंही तसंच. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना ‘व’ म्हणणं, ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखे म्हणणं या वाचनाच्या चुका नव्हेत. मुलाने शब्द कोणता ओळखला हे पाहायचं. शंका आली तर अर्थ विचारायचा.

लेखन: आधी मोजणी, मग मत

फळ्यावरून उतरवणं म्हणजे लेखन नव्हे, पाठ केलेला निबंधही नव्हे. पाठांतर ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: भाषा अचानक मुलाच्या बोलण्यापेक्षा खूप वरची होते, मधलं एखादं वाक्य गायब असतं, आणि तेच वाक्य शेजारच्या तीन वह्यांत सापडतं. उपाय सोपा आहे. विषय ओळखीचा ठेवून एक अट बदलायची. रजेचा अर्ज सगळ्यांना पाठ असतो. ‘एसटीची सकाळची फेरी आठवडाभर बंद आहे, म्हणून पहिल्या तासिकेला उशीर होईल’ असं मुख्याध्यापकांना कळवायला सांगा. मग स्वतःची भाषा बाहेर येते.

छोट्या चाचणीसाठी एक सुरुवात द्यावी, उदाहरणार्थ ‘बसमधून उतरलो आणि पाहतो तर…’. ती इंग्रजीत फळ्यावर लिहावी, मराठीत समजावून सांगावी. एक मिनिट विचाराला, पाच मिनिटं लिहायला. मग तीन गोष्टी मोजायच्या: एकूण शब्द, बरोबर स्पेलिंगचे शब्द आणि बरोबर जोड्या. जोडी म्हणजे शेजारशेजारचे दोन शब्द, जे स्पेलिंग, व्याकरण आणि अर्थ या तिन्ही दृष्टींनी एकमेकांना लागून बरोबर बसतात. वाक्याची सुरुवात आणि शेवट यांचीही एकेक जोडी धरतात.

‘येस्टरडे आय गो टू पोस्ट ऑफिस.’ इथे सात जोड्या होतात. सुरुवात मोठ्या लिपीतल्या अक्षराने झाली असेल तर पहिली बरोबर, ‘येस्टरडे आय’ बरोबर. ‘गो’ भूतकाळात नाही म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या गेल्या. ‘टू’ आणि ‘पोस्ट’ यांच्यामध्ये ‘द’ हवा होता, तीही गेली. ‘पोस्ट ऑफिस’ बरोबर, शेवटी पूर्णविराम असेल तर तीही बरोबर. सातपैकी चार. एरवी या वाक्यावर लाल फुली पडून शून्य मिळालं असतं. मुलाने सांगायचं ते नीट सांगितलं आहे, फक्त दोन ठिकाणी घसरला आहे, हे मोजणीमुळे दिसतं. पुढच्या महिन्यात सातपैकी सहा झाल्या तर तेही दिसतं, त्यालाही आणि आपल्यालाही. आठवी-नववीत बरोबर जोड्यांतून चुकलेल्या जोड्या वजा करून येणारा आकडा जास्त भरवशाचा असतो, नाहीतर चुकांसकट नुसतं भरभरून लिहिणारं मूल पुढे दिसतं.

चुकांची जात ओळखणं त्याहून महत्त्वाचं. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना प्रतिशब्दच नाहीत, म्हणून ते गळतात. ‘मी त्याला सांगितलं’ या सवयीतून ‘आय सेड हिम’ येतं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणून ‘आय मँगो ईट’. या चुका मराठीच्या वळणातून येतात, मेहनत कमी पडल्यामुळे नव्हे, आणि दोन भाषांची वाक्यं शेजारी ठेवून दाखवली की लवकर सुटतात. स्पेलिंगमध्येही फरक करावा. ‘नॉलेज’साठी एकाने एन-ओ-एल-ई-जे लिहिलं आणि दुसऱ्याने के-एन-डब्ल्यू-एल-जी, तर दोघांनाही फुली मिळते. पण पहिल्याला ध्वनी ऐकून अक्षर लावता येतं, तो पुढे आहे. दुसरा आठवलेलं चित्र जोडतोय. तीच चूक पाच वेळा झाली असेल तर एकदाच मोजावी आणि पुढच्या तासाला तेवढीच एक शिकवावी. लाल शाईने भरलेलं पान कोणतंही मूल वाचत नाही.

पत्र किंवा निबंध यांसारख्या मोठ्या लेखनाला चार रकाने पुरतात: सांगायचं ते पोचलं का, क्रम लागतो का, शब्द किती विविध आहेत, भाषा किती शुद्ध आहे. प्रत्येकाला ० ते ३ गुण. ‘३ म्हणजे काय’ हे आधी लिहून ठेवावं. मग दोन शिक्षकांनी त्याच दहा वह्या, नावं झाकून, स्वतंत्र तपासाव्यात. कुठल्याही रकान्यात दोघांमध्ये एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर त्या वहीवर बोलावं. अक्षर सुंदर असलं की शुद्धतेचे गुण नकळत वाढतात, हे बहुधा पहिल्याच बैठकीत लक्षात येतं.

‘वर्गात साठ मुलं आहेत, वेळ कुठून आणायचा?’

सगळ्यांची एकेकट्याने तपासणी करायची गरज नाही. आधी पूर्ण वर्गाला एकदम चाळणी लावायची. अडीचशे शब्दांचा न शिकवलेला उतारा घ्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवून मधला प्रत्येक सातवा शब्द गाळा, तीसेक रिकाम्या जागा होतील. वीस मिनिटांत मुलांनी त्या भरायच्या. हिला क्लोज चाचणी म्हणतात. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ती मांडली. पुढचामागचा अर्थ लागल्याशिवाय जागा भरता येत नाहीत, त्यामुळे शब्द जुळवायची युक्ती इथे चालत नाही. ६० टक्क्यांवर जागा बरोबर आल्या तर मूल तो मजकूर स्वतः वाचू शकतं, ४० ते ६० मध्ये शिक्षकाची मदत हवी, ४० च्या खाली मजकूर जड. हे आकडे इंग्रजी मातृभाषेच्या मुलांवरून आलेत, म्हणून आपल्याकडे अर्थाने बसणारा दुसरा शब्दही बरोबर धरावा आणि निकाल फक्त गट पाडायला वापरावा.

तळातल्या वीस मुलांची मग दहा-दहा मिनिटं. दोनशे मिनिटं, म्हणजे ३५ मिनिटांच्या साधारण सहा तासिका. पॅट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नियतकालिक चाचण्यांत इंग्रजीचा तोंडी भाग असतोच. तो उरकून न टाकता याच पद्धतीने घेतला तर त्यातला बराच वेळ आधीच हाताशी आहे.

‘मुलाला काही दोष तर नाही ना?’

इंग्रजी अडतंय आणि मराठी झरझर वाचतंय, तर बहुतेक वेळा शिकवण्यात राहिलेली पोकळी हेच कारण असतं. मराठीतही अक्षरं उलटसुलट होणं, एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिणं, वाचताना ओळ हरवणं असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. एक बारकावा: मराठीची लिपी सरळ असल्यामुळे सौम्य अडचण मराठीत झाकली जाते आणि इंग्रजीत पहिल्यांदा उघडी पडते. म्हणून तीन-चार महिने नीट शिकवूनही बनावट शब्दांचा आकडा हलत नसेल तर मराठी बरं आहे म्हणून थांबू नये.

निकाल हातात आल्यावर

डिकोडिंगवर अडलेल्यांना रोज पंधरा मिनिटं अक्षरगटांचे ध्वनी शिकवायचे. एस-एच, ओ-ए, शेवटी न उच्चारला जाणारा ई, असा एका आठवड्याला एकच गट, आणि तेच शब्द असलेलं छोटं वाचन. आठवीच्या मुलाला बालवाडीतल्या मांजराच्या गोष्टी देऊ नयेत, त्याला लाज वाटते. शब्द सोपे ठेवून विषय त्याच्या वयाचे निवडावेत: क्रिकेट, मोबाइलची बॅटरी, शेतातला पंप. समजेवर अडलेल्यांना उताऱ्यापूर्वी सात-आठ शब्द वाक्यांत घालून द्यावेत, गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, मराठीत चर्चा करावी आणि मग वाचायला द्यावी. लिहिताना थांबणाऱ्यांना अर्धी वाक्यं पूर्ण करण्यापासून सुरुवात करून रोज स्वतःची तीन वाक्यं लिहू द्यावीत.

घरी पालकांना इंग्रजी येत नसलं तरी एक काम जमतं. मुलाने वाचलेल्या परिच्छेदात काय झालं हे त्याला मराठीत सांगायला लावायचं आणि ‘असं का?’ एवढं विचारायचं.

आठ ते दहा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा घ्यावी, पण तेवढ्याच कठीण वेगळ्या उताऱ्यावर. जुन्याच उताऱ्यावर घेतली तर वाढलेला आकडा वाचनाचा की ओळखीचा, हे सांगता येणार नाही.